नीर-क्षीर

राजहंसापुढे दूध आणि पाणी एकत्र करून ठेवले, तर तो त्यातील दूध तेवढे पितो आणि पाणी मागे ठेवतो, असा एक संकेत आपल्या जुन्या कवींनी रूढ केला आहे. खरे आणि खोटे पारखून घेणाऱ्या माणसाच्या अंगी ‘नीरक्षीरविवेक’ आहे असे आपण म्हणतो, ते यावरूनच. मी एकदा सातवीच्या वर्गात हा शब्द समजावून सांगत होतो. मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, पण हंस दूध वेगळे करतो तरी कसे?” वर्गात हशा पिकला. मला मात्र त्या हशात सामील होता येईना. कारण प्रश्न रास्त होता. हंसाला ही विद्या येत नाही, ती केवळ कविकल्पना आहे, एवढे सांगून मी मोकळा झालो. त्यावर तोच मुलगा शांतपणे म्हणाला, “आमच्या घरी रोज करतात.” त्याच्या घरी खव्याचा धंदा होता.

मुलाचे म्हणणे खरे होते. दुधात शंभर भागांपैकी सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. गवळ्याने वरून पाणी घातले नाही, तरीही ते असतेच. दूध मोठ्या कढईत घालून सतत ढवळत आटवले, म्हणजे पाण्याची वाफ होऊन ती निघून जाते आणि स्निग्धांश, साखर, प्रथिने इत्यादी घटक खव्याच्या रूपाने कढईत राहतात. पाच लिटर दुधाचा एक किलोच्या आसपास खवा होतो, यावरूनच किती पाणी उडून गेले याचा अंदाज येईल. दुधातील पाणी अशा रीतीने काढता येते, पण मग दूधही दूध राहत नाही. तेव्हा हंसाची बरोबरी झाली असे काही म्हणता येणार नाही.

असो. हंसाला सोडून आपण त्याच्या विद्येकडे वळू. एकमेकांत मिसळलेले पदार्थ वेगळे करण्याचे काम मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे, आणि ते ज्या युक्तीने होते ती युक्ती मुळात एकच आहे. पदार्थ मिसळले तरी ते आपापले गुणधर्म सोडीत नाहीत. साखर पाण्यात विरघळून दिसेनाशी झाली, तरी तिची गोडी गेली नाही. वाळूत पडलेला लोखंडाचा कीस दिसला नाही, तरी लोहचुंबकाकडे ओढ घेण्याचा त्याचा स्वभाव कायम असतो. म्हणून मिश्रण समोर आले, की पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: या दोघांमध्ये कोणत्या गुणधर्मात भेद आहे? आकारात, वजनात, विरघळण्यात, उकळण्यात, चुंबकाला चिकटण्यात, की आणखी कशात? जेथे भेद सापडला, तेथे वाट सापडली. जो गुण दोघांत समान आहे, त्याच्या आधारे कितीही खटपट केली तरी ती फुकट जाते.

याचे सर्वांत चांगले शिक्षण प्रयोगशाळेत मिळत नाही. ते खळ्यावर आणि माजघरात मिळते. ज्वारीची मळणी झाली, की खळ्यावर दाणे आणि भूस यांचा एकच ढीग पडतो. त्यातील एकेक दाणा वेचावयाचा म्हटले, तर जन्म पुरणार नाही. शेतकरी काय करतो? तो वाऱ्याची वाट पाहतो. वारा सुटला, की उंच तिवईवर उभे राहून तो सुपातून ते मिश्रण हळूहळू खाली सोडू लागतो. दाणे सरळ पायाशी पडतात आणि भूस उडून दूर जाऊन पडते. वारा तर दोघांनाही सारखाच लागतो. पण भुसाचा तुकडा पसरट आणि हलका असतो. वाऱ्याला धरावयास त्याच्याजवळ अंग पुष्कळ, पण खाली ओढणारे वजन अगदी थोडे. दाण्याचे नेमके उलट असते. या क्रियेला उफणणी म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी मळणीयंत्र आले आहे आणि वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. पण त्या यंत्राच्या पोटात जो पंखा फिरतो, तो तेच जुने काम करीत असतो.

खळ्यावरचे धान्य घरात आले, म्हणजे काम संपत नाही. माझी आजी तांदूळ स्वच्छ करावयास बसली, की मी शेजारी बसून पाहत असे. प्रथम ती तांदूळ चाळणीने चाळी. कणी, धूळ आणि माती चाळणीच्या छिद्रांतून खाली पडे. मग सुपात घेऊन ती पाखडी. पाखडताना सुपाला एक विशिष्ट हिसका द्यावा लागतो. त्यामुळे तांदूळ वर उडून पुन्हा सुपात पडतात आणि कोंडा, फोलपटे सुपाच्या पुढच्या कडेवरून बाहेर जातात. त्यानंतर ती डोळ्यांजवळ नेऊन वेचू लागे. एवढे करूनही तांदळाच्याच आकाराचे, तांदळाच्याच रंगाचे बारीक पांढरे खडे राहतच. चाळणीला ते सापडत नसत, कारण आकार सारखा. डोळ्यांना सापडत नसत, कारण रंग सारखा. दाताखाली मात्र नेमके सापडत! आजीचा एक दात अशाच एका खड्याने गेला होता, आणि त्या खड्याविषयी बोलताना ती एखाद्या जुन्या वैऱ्याविषयी बोलावे तशी बोलत असे.

त्या खड्यांवर तिच्याजवळ शेवटचा उपाय होता, तो म्हणजे तांदूळ रोळण्याचा. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात तांदूळ टाकावयाचे, पाण्याला हाताने गोल हेलकावा द्यावयाचा, आणि हेलकाव्याबरोबर वर आलेले तांदूळ पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओतावयाचे. असे चार-पाच वेळा केले, की पहिल्या पातेल्याच्या तळाशी चमचाभर तांदूळ आणि त्यांत सारे खडे राहतात. यात गंमत अशी, की तांदूळ आणि खडा दोन्ही पाण्यात बुडणारेच. पण तांदूळ पाण्याच्या दीडपटीहून थोडा कमी जड असतो आणि खडा अडीच ते तीन पट जड असतो. त्यामुळे खडा चटकन तळ गाठतो आणि तांदूळ मागे रेंगाळतो. आजीने या रेंगाळण्याचाच फायदा घेतला होता. ‘घनता’ हा शब्द तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यांना हीच युक्ती पेरणीपूर्वी उपयोगी पडते. बियाण्याच्या भातात काही दाणे पूर्ण भरलेले, तर काही अर्धवट भरलेले असतात. वरून साळ सारखीच असल्यामुळे ते ओळखू येत नाहीत. साध्या पाण्यात टाकले, तर अगदी पोकळ दाणे तरंगतात. पण अर्धवट भरलेले पुष्कळसे दाणे चांगल्यांबरोबर बुडून जातात. म्हणून दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकतात. मिठामुळे पाणी अधिक जड होते, आणि जे दाणे साध्या पाण्यात बुडाले असते त्यांतील पुष्कळ दाणे आता वर येतात. ते काढून टाकावयाचे, आणि तळाशी बसलेले दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन, सावलीत वाळवून पेरावयाचे. भेद पुरेसा स्पष्ट दिसत नव्हता, म्हणून शेतकऱ्याने पाणीच बदलले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

घनतेच्या भेदावर पोट भरणारे लोकही आहेत. सोनाराच्या दुकानात दागिना घडवताना, कानशीने घासताना सोन्याचे सूक्ष्म कण उडतात. काही राखेत पडतात, काही जमिनीवर, काही कारागिरांच्या कपड्यांना आणि पायांना चिकटून बाहेर जातात. ती राख आणि धूळ विकत घेऊन किंवा झाडून आणून, धुऊन त्यातून सोने काढणाऱ्यास झारेकरी म्हणतात. मुंबईच्या झवेरी बाजारात पहाटे गटारांच्या कडेची माती गोळा करणारी माणसे याच व्यवसायातली. पसरट भांड्यात ती माती घेऊन पाण्याच्या हेलकाव्याने ते धूत राहतात. वाळूचा कण पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, तर सोन्याचा कण एकोणीस पटींहूनही अधिक जड. त्यामुळे माती आणि वाळू पाण्याबरोबर वाहून जाते आणि शेवटी तळाशी बोटभर काळपट चिखल उरतो. सोने त्याच चिखलात असते. आजीचे रोळणे आणि झारेकऱ्याचे हे धुणे यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. फरक एवढाच, की आजीला वर आलेले हवे असे आणि झारेकऱ्याला खाली बसलेले हवे असते.

या उरलेल्या चिखलातून सोने गोळा करण्यासाठी झारेकरी पारा वापरतात. पाऱ्यात सोने मिसळते, माती मिसळत नाही. मग पारा तापवून उडवला, की सोने मागे राहते. परंतु पाऱ्याची वाफ हे भयंकर विष आहे. ती श्वासावाटे शरीरात शिरून मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा करते. लहानशा बंद खोलीत, कोणतेही संरक्षण न घेता हे काम करणाऱ्या माणसांना रत्तीभर सोन्यासाठी केवढी किंमत मोजावी लागते, ते सराफाच्या तराजूत दिसत नाही. तुमच्यापैकी कोणी घरी तुटलेल्या तापमापकातील पारा पाहिला, तर त्याला हात लावू नका. मोठ्या माणसांना सांगा.

येथपर्यंत आपण जे पदार्थ पाहिले, ते एकमेकांत मिसळूनही आपापल्या जागी अलग होते. डोळ्यांना किंवा निदान भिंगाला ते वेगळे दिसले असते. पण मीठ पाण्यात विरघळले, म्हणजे काय करावयाचे? चाळणी घ्या, वस्त्र घ्या, कितीही घट्ट विणीचे कापड घ्या; मिठाचे पाणी जसेच्या तसे खाली उतरेल. विरघळलेल्या मिठाचे कण इतके सूक्ष्म असतात, की कापडाची छिद्रे ही त्यांना वेशीचे दरवाजेच. आकारमानाचा भेद येथे कामास येत नाही. वजनाचा भेदही नाही, कारण विरघळलेले मीठ तळाशी बसत नाही. मग भेद कोणता? पाणी उन्हाने उडून जाते, मीठ उडत नाही. हाच तो भेद.

या भेदावर कोकण किनाऱ्यावरील मिठागरे उभी आहेत. उरण, पेण, भाईंदर या भागांतील मिठागरे पिढ्यान्‌पिढ्यांची. पावसाळा सरला, की उधाणाच्या भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ खाचरांत घेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात निरनिराळे क्षार मिळून सुमारे पस्तीस ग्रॅम असतात आणि त्यांतील खाण्याचे मीठ सत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एक किलो मिठासाठी जवळजवळ चाळीस लिटर पाणी उन्हाने उडवावे लागते. एवढे पाणी चुलीवर आटवावयाचे म्हटले, तर लाकडांना मिठाहून अधिक पैसे पडतील. ऊन मात्र फुकट असते.

तुम्हांला वाटेल, पाणी उडाले आणि मीठ उरले, यात विशेष ते काय? विशेष आहे. समुद्राच्या पाण्यात केवळ मीठ नसते. चुन्याचे क्षार असतात, मॅग्नेशियमचे क्षार असतात. सारे पाणी एकाच खाचरात शेवटपर्यंत आटू दिले, तर या सर्वांची खिचडी हाती येईल. म्हणून मिठागरातील कामगार पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे नेत राहतात. पाणी आटत आटत मूळच्या सुमारे पाचव्या हिश्शावर आले, की प्रथम जिप्समचे स्फटिक तळाशी बसू लागतात. ते मागच्याच खाचरात राहतात. पाणी दहाव्या हिश्शावर आले, म्हणजे मिठाचे चौकोनी दाणे धरू लागतात. हे दाणे लाकडी दांड्याच्या फावड्याने ओढून कडेला ढीग करतात. आणि पाणी संपूर्ण आटण्यापूर्वीच, उरलेले कडवट पाणी काढून टाकतात. मॅग्नेशियमचे क्षार त्या कडवट पाण्यात असतात. ते सर्वांत उशिरापर्यंत विरघळलेले राहतात, आणि हाच त्यांच्यातील व मिठातील भेद. ते पाणी वेळेवर काढले नाही, तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात आणि हवेतील ओल शोषून घेऊ लागतात. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटते, याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. दिवसभर गुडघाभर खाऱ्या चिखलात उभे राहणाऱ्या त्या कामगाराला पाण्याकडे पाहून, बोटाला चोळून ही वेळ ओळखावी लागते. १९३० साली आपल्या देशबांधवांनी शिरोडा आणि वडाळा येथील मिठागरांवर सत्याग्रह करून लाठ्या खाल्ल्या, त्या या मिठासाठी.

मिठागरात पाणी हवेत जाते आणि आपल्याला त्याची खंत नसते. पण दोन्ही घटक हवे असतील, तर वाफ वाऱ्यावर सोडून चालत नाही. ती बंद नळीतून नेऊन थंड करावी लागते, म्हणजे तिचे पुन्हा पाणी होते. याला ऊर्ध्वपातन म्हणतात. मुंबईत माहुल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांतील उंच मनोरे हेच काम करतात. जमिनीतून निघणारे काळे खनिज तेल हे अनेक द्रवांचे मिश्रण असते. कमी उष्णतेत उकळणाऱ्या पेट्रोलची वाफ मनोऱ्यात उंच चढते, रॉकेल आणि डिझेल त्याच्या खालच्या मजल्यांवर थंड होऊन उतरतात, आणि डांबर तळाशी राहते. उकळण्याच्या तापमानात भेद आहे, म्हणून हे साधते.

आता मी ज्या गोष्टीकडे येतो, ती या पाठातील सर्वांत साधी क्रिया आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे पाणी गाळणे.

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. ते हंड्यात भरून स्वस्थ ठेवले, की मातीचे जाड कण साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. पण अत्यंत बारीक कण दिवसच्या दिवस पाण्यात तरंगत राहतात. ते एकमेकांना दूर लोटीत असतात, म्हणून एकत्र येऊन जड होत नाहीत. निवळीचे बी उगाळून किंवा तुरटीचा खडा फिरवून ते कण एकमेकांना चिकटवतात. मग ते जड होऊन खाली बसतात, आणि वरचे नितळ पाणी हलक्या हाताने ओतून घेतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही हाच क्रम चालतो: प्रथम तुरटी, मग वाळूचे थर, आणि शेवटी क्लोरीन. हे क्लोरीन कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडला, तर तो योग्य आहे. त्याचे उत्तर पुढे येईल.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी महाराष्ट्रात नारू नावाचा रोग होता. पायावर फोड येई, त्यात आग होई, आणि फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा एक जंत डोके काढी. हा जंत दोन-तीन फूट लांब असे. ओढला तर तुटे आणि पाय सुजून सडे. म्हणून तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढीत. त्याला कित्येक दिवस, कधी महिनाही लागे. ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळून राही. या रोगावर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही.

आणि तरीही भारतातून नारू गेला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. औषधावाचून हे कसे घडले? रोगाची वाट शोधून. पायातील आग शमवण्यासाठी रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी. त्या क्षणी जंत पाण्यात हजारो पिल्ले सोडी. ती पिल्ले सायक्लॉप्स नावाचा एक क्षुद्र जलचर गिळी. ते पाणी जो पिई, त्याच्या पोटात सायक्लॉप्स जाई, आणि सुमारे एका वर्षाने त्या माणसाच्या पायावर फोड येई. आता आपला प्रश्न विचारा: पाणी आणि सायक्लॉप्स यांच्यात भेद कोणता? आकारमानाचा. सायक्लॉप्स फार लहान, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा. पण घट्ट विणीच्या कापडाच्या छिद्रांहून तो मोठा असतो. कापडाने गाळून घेतले, की पाणी उतरते आणि तो वर राहतो. सरकारी आरोग्यसेवकांनी गावोगाव हिंडून लोकांना पाणी गाळावयास शिकवले, पायऱ्यांच्या विहिरींत लोकांनी उतरू नये अशी व्यवस्था केली, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकले, आणि नवे हातपंप बसवले. इतक्या जुनाट रोगाचा पराभव करण्यात एका हातभर कापडाचा वाटा होता.

येथे कोणी म्हणेल, की मग गाळलेले पाणी निर्धास्तपणे प्यावे. तसे मुळीच नाही. पटकीचे जंतू इतके सूक्ष्म असतात, की एका मिलिमीटरात त्यांतील पाचशेच्या घरात एका ओळीत मावतील. कापडाला ते अडणारे नाहीत. नितळ दिसणाऱ्या पाण्याच्या पेल्यात ते लाखांनी असू शकतात. त्यांना चाळणीने वेगळे करता येत नाही, म्हणून मारावे लागते. पाणी उकळून किंवा त्यात क्लोरीन घालून. मघाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. स्वच्छ आणि नितळ या दोन शब्दांत आपण फार गल्लत करतो.

तथापि निसर्गाने येथेही एक नवल करून ठेवले आहे. पटकीचे पुष्कळसे जंतू पाण्यात सुटे हिंडत नाहीत. ते सायक्लॉप्सच्याच भाऊबंदांतील बारीक जलचरांच्या अंगाला हजारोंनी चिकटून राहतात. रीटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ विदुषीने आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी असा विचार केला, की जंतू कापडाने अडणार नाही हे खरे, पण त्याचे वाहन तर अडेल! बांगलादेशातील ६५ खेड्यांत त्यांनी हा प्रयोग केला. गरिबाच्या घरी फिल्टर कोठून यावा? म्हणून त्यांनी जुन्या सुती साडीचे चार ते आठ पदर करून त्यातून पाणी गाळावयास शिकवले. नवी साडी नव्हे, वापरून धुऊन जुनी झालेली. कारण जुन्या सुताचे तंतू पिंजले जाऊन छिद्रे अधिक बारीक होतात. या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. साडीने पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. निम्मे रुग्ण तरीही उरले, हे विसरू नये. जेथे इंधन आहे तेथे पाणी उकळावे हेच उत्तम. पण जेथे सरपणच मिळत नाही, तेथे आईच्या जुन्या लुगड्याने निम्मी माणसे अंथरुणावर पडण्यापासून वाचवली. दर खेपेस पाणी गाळल्यावर ते कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवणे मात्र अवश्य आहे, नाहीतर जे अडवले तेच पुढच्या हंड्यात जाईल.

शेवटी, त्या खव्याच्या घरातल्या मुलाच्या वर्गात मी जी परीक्षा घेतली, तिची हकीकत सांगतो. मी प्रत्येक गटाला कागदाच्या पुडीत एक मिश्रण दिले: वाळू, मीठ, लाकडाचा भुसा आणि लोखंडाचा कीस. प्रत्येक वस्तू मोजून दहा ग्रॅम घातली होती. चारही वस्तू वेगळ्या करून आणा, एवढीच अट. एका गटाने उत्साहाच्या भरात पहिल्याप्रथम पाणी ओतले. भुसा तरंगला, मीठ विरघळले, वाळू बसली. मुले खूश झाली. परंतु लोखंडही वाळूत ओले होऊन बसले, आणि तास संपल्यामुळे भांडे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी पाहतात, तो खाऱ्या पाण्यातील किसाला तांबूस गंज चढलेला! गंज म्हणजे काही मूळचे लोखंड नव्हे; ती दुसरीच वस्तू झाली, आणि ती लोहचुंबकाला दाद देईना. मिश्रण वेगळे करताना केवळ उपाय ठाऊक असून भागत नाही, त्यांचा क्रमही पाहावा लागतो, हे त्या भांड्याने माझ्याहून चांगले सांगितले.

दुसऱ्या एका गटातील मुलीने प्रथम लोहचुंबक घेतला आणि तो कागदात गुंडाळला. मी कारण विचारले. ती म्हणाली, “नुसत्या चुंबकाला कीस चिकटला, तर तो सोडवायचा कसा? कागदातून चुंबक काढून घेतला, की कीस आपोआप खाली पडेल.” तसेच झाले. त्यानंतर तिच्या गटाने पाणी घातले, भुसा वरून काढून घेतला, वाळू बसू दिली, पाणी कापडाने गाळले आणि एका पसरट बशीत घालून खिडकीत उन्हाला ठेवले. चार दिवसांनी बशीत पांढरे चौकोनी दाणे चमकू लागले. तिने ते खरवडून तराजूत घातले. नऊ ग्रॅम भरले.

गटातली बाकीची मुले नऊवर समाधानी होती. ती मात्र बराच वेळ तराजूकडे पाहत राहिली. मग वाळूचे भांडे पुढे ओढून तिने त्यातील चिमूटभर वाळू जिभेला लावून पाहिली. असे जिभेला लावणे बरे नव्हे, म्हणून मी तिला रागावलो. पण तिने ते मनावर घेतलेले दिसले नाही. “गुरुजी, वाळू खारट आहे,” ती म्हणाली, आणि थोडे स्वच्छ पाणी आणून ती वाळू पुन्हा एकदा धुऊ लागली.